सॉकेटमधल्या सात पिना

सोमवार, २ तारीख

डॉक्टरांनी रोज निदान चार ओळी लिहायला सांगितलंय, तेही बिनरेघांच्या वहीत. मेंदूला व्यायाम होतो म्हणे. पुढच्या खेपेला वही बघणार आहेत. मी उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात घालवला, लिहिण्याशी संबंध पावतीपुरता. सूनबाईने वही आणली, सोबत बोटभर जाड पेन. एवढं जाड कशाला म्हटलं तर हसली. हल्ली घरात तीच साहेब आहे. दिवसातून तीनदा गोळी देते, दहा मिनिटं इकडची तिकडे होऊ देत नाही. घड्याळजीला वेळ शिकवते. ताकदीच्या गोळ्या असाव्यात.

आज घरातली मोठी बातमी म्हणजे संगणक. सूनबाई घरांचे नकाशे काढते. तिचा संगणक नऊ वर्षांचा, आणि ऑफिसने नवा प्रोग्राम दिल्यापासून तो पार बसकण मारतो. घर जरा फिरवून बघायचं म्हटलं की ही पोळ्या लाटून येते तोवर ते निम्मं फिरलेलं असतं. महिनाअखेर एका दवाखान्याचे नकाशे द्यायचे आहेत. नवीने तोडगा काढला: अख्खा संगणक बदलू नका, फक्त आतला प्रोसेसर बदलू. त्याच जातीतला, पण जास्त ताकदीचा. दुसऱ्या एका मशीनमधून काढलेला तिच्याकडे होता. आज डबीत घालून देऊन गेली.

नवी म्हणजे माझ्या दुकानात आता संगणक दुरुस्तीला बसते ती. दोन मुलींची आई आहे, दुकान घेऊन दोन वर्षं झाली, तरी माझ्या तोंडी नवीच. डोळे दुखायला लागले म्हणून मी दुकान सोडलं. माझं काचेचं काउंटर आणि उंच स्टूल तिने तसंच ठेवलंय, एवढं मात्र मानायला हवं. परवा येऊन बसवते म्हणाली. मी म्हटलं, त्यात काय एवढं, मी बसवतो की. तर म्हणते, "काका, मी येईपर्यंत हात नका लावू हं." लहान मुलाला सांगावं तसं.

मंगळवार, ३ तारीख

सूनबाई सकाळी ऑफिसात गेली. मुलगा शाळेत, म्हणजे शाळेच्या कचेरीत, तो तिथे हेडक्लार्क आहे. घरात मी एकटा आणि ती डबी.

खोका उघडला. पंखा काढला. त्याखाली वाळलेला राखाडी मलम होता, तो पुसला. मग एक छोटा दांडा, तो उचलला की झाकण उघडतं आणि प्रोसेसर अलगद बाहेर येतो. इथवर पोराटोरांचं काम. खालच्या चौकोनी सॉकेटमध्ये मात्र केसाहून बारीक पिना आहेत, हजाराच्या वर. डोळ्याला भिंग लावून पाहिलं तर निम्म्या पिना एका बाजूला कललेल्या आणि निम्म्या दुसऱ्या बाजूला. घड्याळात असं दिसलं की समजायचं, आधी कुणीतरी अडाण्याने हात घातलाय.

एक-दोन नीट केल्या. हवेत गारठा होता, बोटं आखडली होती. मग नवा प्रोसेसर बसवला, चालू केला. पंखा फिरतो, पडदा काळा. जुना परत बसवला. तेच. सगळं होतं तसं बंद करून ठेवलं. पिना आधीच वाकड्या होत्या.

संध्याकाळी सूनबाई आली तेव्हा मी डोळे मिटून पडलो होतो. तिने बटण दाबल्यासारखं वाटलं, पंखा घुमला. पण काही बोलली नाही. बहुतेक टेबल पुसताना चुकून हात लागला असेल. नंतर चहा दिला तो अर्धाच कप. हल्ली अर्धाच देते, मग पुन्हा अर्धा. काटकसरीची ही कुठली तऱ्हा कोण जाणे.

बुधवार, ४ तारीख

नवी आली. मनगटाला एक पट्टा बांधला, त्याची चिमटी खोक्याच्या पत्र्याला लावली. अंगातली वीज यंत्रात जाऊ नये म्हणून म्हणे. काल मी असलं काही बांधलं नव्हतं. मग तिने विचारलं, "आधी एकदा चालू करून बघू का, काका?"

मी म्हणालो, "कशाला? चालतंय ते. सकाळीच बंद केलंय."

एवढंच बोललो. विचार करून बोललो असंही नाही, तोंडातून गेलं. सूनबाई दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती माझ्याकडे बघत होती की ट्रेकडे, कळलं नाही.

नवीने खोका उघडला, प्रोसेसर बदलला, चालू केला. पंखा फिरला, पडदा काळा. जुना परत घातला. काळाच. मग तिने फोनचा दिवा सॉकेटवर धरला आणि खाली वाकली. बराच वेळ तशीच होती. वर आली तेव्हा चेहरा पांढराफटक. मी ओळखतो तो चेहरा. हातातून वस्तू गेली की कारागिराचा होतो.

"माझ्या हातून झालं, वहिनी," ती सूनबाईला म्हणाली. "बसवताना कोपरा टेकला असणार. मला कळलंसुद्धा नाही. हे सॉकेट ज्यावर आहे तो बोर्डच मी दुसरा शोधून आणते, माझ्याकडून."

सूनबाई म्हणाली, त्याची काही गरज नाही, होतं असं. आणि माझ्याकडे बघून विचारलं, "बाबा, तुम्हाला काही सांगायचंय का?"

मी म्हटलं, चहा गार झाला.

गुरुवार, ५ तारीख

आज विशेष काही नाही. पाय मोकळे करायला गेलो नाही.

शनिवार, ७ तारीख

डॉक्टर वही बघणार म्हणून मंगळवारची नोंद सभ्य करून लिहिली होती. पण ती वाचवत नाही. डॉक्टरांना काय वाटायचं ते वाटू दे.

पिना वाकड्या नव्हत्या. त्या तशाच असतात. निम्म्या इकडे, निम्म्या तिकडे, बनवणाऱ्याने मुद्दाम केलेल्या. पाच नीट करून झाल्यावर मला ते समजलं. पाचशे पिना एकाच मापाने चुकीच्या दिशेला वाकवील असा अडाणी जगात जन्मला नाही. चाळीस वर्षं यंत्रं उघडणाऱ्या माणसाला हे पहिल्या नजरेत कळायला हवं होतं. पण ही बाई माझ्या स्टुलावर बसते, तिला जे दिसलं नाही ते मला दिसलं, या आनंदात मी होतो.

समजल्यावर त्या पाच परत वळवायला गेलो. तिथे खरं झालं. चिमटा पिनेच्या टोकाला लावला आणि हात हलला. मी हलवला नाही, तो हलला. शेजारच्या दोन पिना त्यात गुंतल्या. पाच आणि दोन सात. एक तर मोडूनच पडली, ती मी बोटाच्या टोकाने उचलली आणि खिडकीबाहेर टाकली. चोर टाकतो तशी.

गारठ्याचं लिहिलं होतं ते खरं नाही. त्या दिवशी उकडत होतं, छताचा पंखा लावला होता.

स्वतःच्याच वहीत खोटं लिहिणाऱ्याला काय म्हणावं? लाज वाटते म्हणावं तर ती नुसती वहीत उतरते, काम काही करत नाही. सोमवारी सांगेन सगळ्यांना.

बुधवार, ११ तारीख

सोमवारी सांगितलं नाही. मंगळवारीही नाही. रोज सकाळी वाटतं, जेवताना काढू विषय, आणि जेवताना वाटतं, घास तरी सुखाने खाऊ दे त्यांना. सूनबाई आता रोज ऑफिसात जाऊन दुसऱ्याचं मशीन मोकळं होईल तेव्हा नकाशे काढते. परवा डोळे लाल होते.

आज मात्र पाणी गळ्याशी आलं. शाळेत संगणकाची नवी खोली झाली आहे, चाळीस मशीन. त्यांची देखभाल वर्षभर नवीला द्यायची असं जवळजवळ ठरलं होतं, आणि शब्द टाकला होता तो माझ्याच मुलाने. आज तो जेवता जेवता म्हणाला की त्याने बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, जाऊन सांगितलं. घरचं एक मशीन जिच्या हातून गेलं तिच्यावर चाळीस कशी सोपवायची? त्याचं काय चुकलं? त्याला जे ठाऊक आहे त्यावरून माणूस हेच करील.

सूनबाईने हातातला घास खाली ठेवला. म्हणाली, घाई करायला नको होती. तो म्हणाला, तिने स्वतःच कबूल केलंय ना? मी वरण भुरकत होतो. वाटीत चमचा टिकटिक वाजत होता, तिने हात पुढे करून माझी वाटी धरली. वाटीचं बूड सपाट नसावं.

शनिवार, १४ तारीख

आज दुकानावरून गेलो. गेलो म्हणजे समोरच्या फुटपाथवरून, तोंड वळवून. तिच्या काचेवर एक कागद चिकटवलेला दिसला. पलीकडून वाचता येईना, म्हणून ती आत वळल्यावर रस्ता ओलांडून वाचून आलो. 'बोर्डवरचं बारीक काम सध्या घेतलं जाणार नाही.'

एकदा एका गिऱ्हाइकाने मला भर दुकानात म्हटलं होतं, माझ्या घड्याळातला माणकाचा खडा तू बदललास. मी बदलला नव्हता. पण त्यानंतर पंधरा दिवस मी प्रत्येक घड्याळ उघडताना आधी स्वतःच्या हाताकडे संशयाने बघायचो. माझी बायको तेव्हा होती. ती म्हणायची, अहो, तुमचा हात तुम्हाला माहीत नाही का? तेवढ्यावर मी उभा राहिलो. त्या माणसाला मी आजवर मनातून माफ केलेलं नाही.

त्याचा तर निदान गैरसमज होता.

मंगळवार, १७ तारीख

डॉक्टरकडे जाऊन आलो. मला धास्ती होती की वही वाचतील. त्यांनी एक अक्षर वाचलं नाही. पहिल्या पानावर पट्टी ठेवून अक्षराची उंची मोजली, मग शेवटच्या पानावर मोजली. सूनबाईला म्हणाले, बघा, उतरत चाललंय. मला म्हणाले, हात पुढे करा, बोटं पसरा. केले. डावा शहाण्यासारखा राहिला. उजवा हलत होता, सायकलच्या घंटीवर अंगठा फिरतो तसा. डॉक्टर, मी आणि सूनबाई तिघं त्याच्याकडे बघत होतो आणि तो आपला हलत होता.

कधीपासून, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, अलीकडेच. सूनबाई म्हणाली, "दोन वर्षं."

म्हणजे दुकान सोडलं तेव्हापासून. डोळे दुखतात असं सगळ्यांना सांगितलं होतं, आणि पेपर मात्र शेवटच्या पानापर्यंत वाचत होतो. तिला तेव्हाच कळलं होतं तर. जाड पेन, अर्धा कप, वाटी. एकेक मनात येत गेलं आणि रिक्षात मला तिच्या बाजूला तोंड करून बसवेना.

शुक्रवार, २० तारीख

आज दुपारी दुकानात गेलो. लिहिताना वेळ लागतोय, पण सगळं लिहिणार आहे.

नवीने मला बघून लगेच स्टूल पुढे केलं. काउंटरवर एक मदरबोर्ड ठेवलेला होता, शेजारी ती डबी. मी विचारलं, हा कुणाचा? म्हणाली, तुमच्याच घरच्या संगणकासाठी. एका बंद पडलेल्या ऑफिसमधून मिळाला, अगदी तसाच. "चार दिवस झाले आणून. प्रोसेसर बसवायला हात धजत नाही, काका. हातात घेते आणि परत ठेवते. रोज सकाळी हात असा पुढे धरून बघते, हलतो का म्हणून."

तिने हात पुढे धरून दाखवला. काउंटरच्या काचेवर, दिव्याखाली. दगडासारखा स्थिर होता.

मी माझा त्याच्याशेजारी ठेवला. कधी कुणाला दाखवला नव्हता तो, खिशात, पंच्यात, वर्तमानपत्राखाली ठेवत आलो. काचेवर बोटांची टकटक सुरू झाली. तिने हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तू येण्याच्या आदल्या दिवशी मी उघडलं होतं," मी म्हणालो. "सात पिना मी घालवल्या. तू चालू करून बघते म्हणालीस तेव्हा मी खोटं बोललो. तुझ्या हातून काहीच झालेलं नाही."

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा म्हणेल जाऊ द्या काका. दोन्ही झालं नाही. ती उठली, काचेवरचा कागद टराटरा फाडला आणि टोपलीत टाकला. मग मनगटाला पट्टा बांधला. प्रोसेसर डबीतून काढला, कोपऱ्यावरची खूण जुळवली आणि सॉकेटमध्ये ठेवला. दाबला नाही, फक्त ठेवला. दांडा खाली केला. एक श्वास घेण्याइतकाही वेळ लागला नाही. त्याआधी मला भिंगातून सॉकेट बघू दिलं होतं: निम्म्या इकडे, निम्म्या तिकडे, एकही चुकलेली नाही.

पंखा लावून तिने बोर्ड पडद्याला जोडला. अक्षरं उमटली. तेव्हा कुठे ती बोलली.

"सतरा दिवस, काका. माझी धाकटी विचारते, आई, तू आता ते बारीक काम का नाही करत? मी मुलींना काय सांगत होते माहितीय? आईचा हात बिघडलाय."

मी हात जोडले. ते नीट जुळेनात.

"मला नका सांगू आता," ती म्हणाली. "मला कळलं. माझं नाव जिथे गेलंय तिथे सांगा."

आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं. पायरी उतरताना तिने मला धरलं नाही, आणि ते योग्यच होतं.

शनिवार, २१ तारीख

सकाळी दोघांना समोर बसवून सांगितलं. मुलगा आधी चिडला, मग खिडकीशी जाऊन उभा राहिला. पाठमोराच म्हणाला, "मी त्या बाईबद्दल काय काय बोललो, बाबा." मी म्हटलं, तू नाही, मी बोललो, तुझ्या तोंडून.

तो बाहेर गेल्यावर सूनबाई म्हणाली, "मला मंगळवारीच कळलं होतं. मी चालू करून बघितला होता." पुढे म्हणाली, "तुम्ही बोलाल म्हणून थांबले. एक दिवस, दोन दिवस. तुम्हाला लाज वाटू नये म्हणून मी तिची अब्रू जाऊ दिली. माझंही तोंड नाही आता तिच्याकडे जायला." रडली. मला तिच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला आणि या हाताने कसा फिरवू असं वाटून मी तो मागे घेतला. तिनेच तो धरला आणि दोन्ही हातांत धरून ठेवला. थोडा वेळ तो थांबला होता, खरंच.

मग मुख्याध्यापिकांना पत्र लिहायला बसलो. मुलगा परत आला होता, म्हणाला, तुम्ही सांगा, मी लिहितो. सूनबाई म्हणाली, नवी तो बोर्ड आणून संगणक जोडून देईल दुपारी, त्यावर टाइप करू, स्वच्छ दिसेल. मी दोघांनाही नको म्हटलं.

एक पान लिहायला दुपार झाली. संगणक उघडणारा मी होतो, खोटं बोलणारा मी होतो, दुकानातल्या त्या बाईंच्या हातात काडीचाही दोष नाही, एवढाच मजकूर. पहिली ओळ जरा बरी आली. मग अक्षर बारीक होत होत शेवटी मुंगीएवढं झालं आणि ओळ उतरत उतरत कोपऱ्यात गेली. सहीत माझं मलाच नाव ओळखू येईना.

मुलाने पत्र हातात घेतलं आणि डोळ्यांजवळ नेलं. म्हणाला, "बाबा, हे त्यांना वाचता यायचं नाही."

मी म्हटलं, "मजकूर तू तोंडाने सांग. अक्षर त्यांना बघू दे."